वाचकांचे प्रश्न : लिलावाचा टक्का आणि खाणीतला माल

प्रश्न : डिसेंबर 2022 मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, तेव्हा डिचोली गटासाठी 63.55 टक्के आणि शिरगाव-मये गटासाठी 95.67 टक्के बोली लागल्याचे वाचले. मालाच्या किमतीतले जवळजवळ सगळे पैसे सरकारला द्यायचे आणि वर रॉयल्टीही भरायची, तर कंपनीच्या हाती उरते काय? आकडे तरी फसवे असावेत, नाहीतर पुढे कुठेतरी लबाडी होणार असावी, असे आमच्याकडे बोलले जाते. यातले खरे काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बोलीचा आकडा वर्तमानपत्रात ठळक छापला जातो, परंतु तो टक्का कोणत्या रकमेवर मोजायचा हे मात्र त्या बातमीत क्वचितच असते. खाण आणि खनिजविषयक केंद्रीय कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावानेच देण्याची पद्धत आली. या पद्धतीत बोलीदाराचा टक्का त्याच्या प्रत्यक्ष विक्रीच्या बिलावर लागत नाही. नागपुरात मुख्यालय असलेली ‘इंडियन ब्युरो ऑफ माइन्स’ ही केंद्रीय संस्था दर महिन्याला राज्यनिहाय आणि लोहांशाच्या प्रतवारीनिहाय सरासरी विक्री किंमत जाहीर करते. खाणीबाहेर गेलेल्या मालाचे टन या किमतीने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेवर बोलीचा टक्का लावायचा, असा तो हिशेब आहे. ही किंमत खाणीच्या तोंडाशी असलेली धरली जाते. तिथून पुढे धक्क्यापर्यंतचा ट्रक, मांडवी किंवा जुवारीतून जाणारे बार्ज आणि मुरगाव बंदरातला खर्च तिच्यात येत नाही.

आता आपण म्हणता ते गणित मांडून पाहू. केवळ उदाहरणापुरती ही सरासरी किंमत टनाला 1,000 रुपये धरली, तर 95 टक्के दराने 950 रुपये बोलीपोटी, 15 टक्क्यांनी 150 रुपये रॉयल्टीपोटी आणि रॉयल्टीच्या दहा टक्के म्हणजे 15 रुपये खाणबाधित गावांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, असे 1,115 रुपये द्यावे लागतात. खोदाईचा, पाणी उपसण्याचा आणि पगाराचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. म्हणजे आपली शंका अगदी रास्त आहे : सरासरी किमतीलाच माल विकणारा खाणचालक या दराने पहिल्या दिवसापासून तोट्यात जाईल.

म्हणून इतकी बोली तोच लावतो, ज्याला त्या मालातून सरासरीपेक्षा बरेच जास्त मिळवता येईल असे वाटते. ज्याचा स्वतःचा लोखंडाचा किंवा पोलादाचा कारखाना आहे, त्याच्या दृष्टीने खाण हे नफ्याचे स्वतंत्र ठिकाण नसून कच्च्या मालाची हमी असते. बाजारात मालाची टंचाई झाली तरी भट्टी विझणार नाही, याची किंमत तो मोजत असतो. ज्याच्याकडे खनिज धुऊन त्याची प्रत वाढवणारा प्रकल्प, धक्का आणि बार्ज आधीपासून उभे आहेत, त्याची ती गुंतवणूक तशीही होऊन गेलेली असते आणि माल मिळाला नाही तर ती गंजत पडते. तिसरी गोष्ट प्रतवारीच्या टप्प्यांची. 55 ते 58 टक्के लोहांश हा एक टप्पा धरला, तर 55.2 टक्क्यांचा माल आणि 57.8 टक्क्यांचा माल सरकारी हिशेबात एकाच किमतीचा ठरतो, पण परदेशी खरेदीदार दोहोंना एकच भाव देत नाही. हा फरक खाणचालकाचा.

आणि चौथे कारण म्हणजे निखळ आशा, किंवा स्पर्धेच्या भरात सुटलेले भान. लिलावात जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज सर्वांत चढा, म्हणून चुकण्याची शक्यताही त्याचीच सर्वाधिक. ओडिशात 2020 च्या लिलावांत शंभराहून अधिक टक्क्यांच्या बोली लागल्या. तिथली जाजंग खाण जेएसडब्ल्यू स्टीलने 110 टक्क्यांना घेतली आणि पुढे परवडत नसल्याचे सांगून ती परत करण्याची पावले उचलली. बोली म्हणजे जमा झालेला महसूल नव्हे. तो निघेल त्या टनांवरचा आणि बोलीदार टिकेल तोवरचा हक्क आहे.

लबाडीविषयीची आपल्या गावातली शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती माणसांच्या स्वभावापेक्षा दराच्या रचनेतून येते. ऑगस्ट 2009 पूर्वी लोहखनिजावरची रॉयल्टी टनामागे मोजके रुपये इतकीच होती. त्यामुळे चीनच्या मागणीने भाव भडकले तेव्हा वरचा सगळा लाभ पट्टेदाराकडे गेला आणि ज्याच्या मालकीचे खनिज, त्या राज्याच्या वाट्याला नगण्य रक्कम आली. त्या काळात एक टन लपवून फार काही वाचत नसे. वरच्या उदाहरणातल्या दराने मात्र प्रत्येक न नोंदवलेल्या टनामागे 1,115 रुपये वाचतात, आणि 58 टक्क्यांच्या जरा वरचा माल जरा खालचा दाखवला तरी मोठी रक्कम वाचते. त्यामुळे वजनकाटा, नमुना तपासणारी प्रयोगशाळा आणि वाहतुकीचा परवाना या तीन जागा आज महसूल खात्याइतक्याच महत्त्वाच्या झाल्या आहेत, आणि तिथे बसणाऱ्या माणसांची संख्या व साधने त्या मानाने वाढली आहेत का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

याखेरीज एक नुकसान असे होते की ज्यात कोणी चोर नसतो. दर टनाला द्यायची रक्कम खोदाईच्या खर्चात मिळवली की हलक्या प्रतीचा माल काढणे परवडेनासे होते. चालक चांगला थर काढतो आणि उरलेला तसाच ठेवतो किंवा डंपावर, म्हणजे टाकाऊ मालाच्या ढिगावर, टाकतो. नफ्यावर हिस्सा घेतला, तर हा दोष कमी होतो, पण नफा लपवणे हे टन लपवण्यापेक्षाही सोपे असते. एकरकमी बोली घेतली, तर पुढच्या खोदाईचे गणित बिघडत नाही, पण तेवढी रोकड असणारे बोलीदार मोजकेच उरतात. निर्दोष पद्धत कोणतीच नाही.

तरीही लिलावापेक्षा जुन्या पद्धतीने पट्टे वाढवून देणे बरे होते, असे मला वाटत नाही. गोवा सरकारने 2014-15 मध्ये 88 पट्ट्यांचे लिलावाविना नूतनीकरण केले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी ते रद्द केले. त्या व्यवस्थेत खनिजाचे खरे मोल किती, हे जनतेला कळण्याचा मार्गच नव्हता. आज निदान एक आकडा समोर आहे आणि त्यावरून भांडता तरी येते. पुढची मागणी अशी असावी की प्रत्येक गटातून दरमहा किती टन, कोणत्या प्रतीचा माल गेला आणि किती रक्कम प्रत्यक्ष जमा झाली, हे सरकारने नियमाने प्रसिद्ध करावे.

प्रश्न : खाणींतून मिळणारा पैसा साठवून ठेवावा, असे न्यायालयाने सांगितल्याचे ऐकतो. ज्या गावांतले झरे आटले, शेतात गाळ आला, तिथे आज पैसा हवा असताना तो पुढच्या पिढीसाठी बाजूला ठेवणे ही चैन नव्हे काय?
— एक शिक्षिका, कुडाळ

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात दोन गोष्टी केल्या : गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननाला वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला. आदेश गोव्यापुरता होता. सीमेच्या अलीकडे आपल्या सिंधुदुर्गात कळणे किंवा रेडी येथे निघणाऱ्या लोहखनिजाला असा कोणताही निधी नाही, हे आपल्या वाचकांच्या लक्षात यावे.

या आदेशामागचा विचार सोपा आहे. कुळागरातली सुपारी विकली तर ते उत्पन्न. कुळागरच विकले तर ते उत्पन्न नव्हे, मालमत्तेचे रूपांतर आहे. राज्यांच्या अंदाजपत्रकात मात्र रॉयल्टी करेतर महसूल म्हणून महसुली जमेत येते, म्हणजे ज्या खात्यातून पगार आणि अनुदाने भागतात त्याच खात्यात. खनिज जितके जास्त खणले जाईल तितकी महसुली तूट कमी दिसते आणि संपत गेलेल्या साठ्याची वजाबाकी कुठल्याच पानावर नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 25 जुलै 2024 रोजी बहुमताने सांगितले की रॉयल्टी हा कर नव्हे, पट्टेदाराने खनिजाच्या हक्कापोटी द्यायचा मोबदला आहे. तो मोबदला दैनंदिन खर्चात जिरवण्याची सवय त्या निकालानंतरही तशीच आहे.

पण निधी म्हणजे पैसा कुलूपबंद करणे, असा अर्थ घेण्याचे कारण नाही. जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेला नियम असा, की संपणाऱ्या साधनसंपत्तीतून मिळणारे अतिरिक्त मूल्य दुसऱ्या टिकाऊ भांडवलात गुंतवले, तर पुढच्या पिढीचा उपभोग घटत नाही. हे भांडवल रोख्यांतच असले पाहिजे असे नाही. आटलेल्या झऱ्यांच्या जागी उभारलेली, पन्नास वर्षे चालणारी पाणीयोजना हेही भांडवलच आहे. गाळ काढून पुन्हा लागवडीखाली आणलेली शेतजमीनही त्यातच मोडते. सणाचे अनुदान किंवा रखडलेला पगार त्यात मोडत नाही. नॉर्वेने तेलाच्या पैशातून केलेल्या निधीत पहिली रक्कम 1996 मध्ये टाकली आणि सरकारने दीर्घकाळात फक्त त्याच्या अपेक्षित वास्तव (महागाई वजा जाता) परताव्याइतकेच, सध्या 3 टक्के, खर्चावे असा दंडक पाळला. अमेरिकेतील अलास्का राज्याने अशाच निधीतून 1982 पासून प्रत्येक रहिवाशाला वार्षिक लाभांश देण्याचा मार्ग धरला. मला गोव्यासारख्या लहान प्रदेशात दुसरा मार्ग अधिक उपयोगी वाटतो, कारण ज्याच्या खात्यात दरवर्षी निधीचा लाभांश येतो तो नागरिक वजनकाट्यावरही लक्ष ठेवतो.

आपल्या मूळ आक्षेपाला उत्तर देण्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. बाधित गावांवर आज खर्च करायचा पैसा कायद्याने त्यातून यायचा आहे आणि तो कायदा महाराष्ट्रातही लागू आहे. ते कसे चालते, हा आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी विचारायचा प्रश्न आहे. त्याची उणीव कायमस्वरूपी निधी मोडून भरून काढणे योग्य ठरणार नाही.

प्रश्न : आमचा माल देशातले कारखाने फारसा घेत नाहीत, तरी निर्यातीवर कर का? आणि मर्यादा घातली की मार आमच्यासारख्या ट्रकवाल्यांनाच बसतो ना?
— एक ट्रकमालक, कुडचडे

उत्तर : निर्यात शुल्क लावले की देशातला भाव खाली येतो आणि त्याचा फायदा पोलाद कारखान्यांना होतो, ते एक प्रकारचे अनुदान असून खाणी आणि खनिजमालक राज्ये ते भरतात. 22 मे 2022 रोजी केंद्राने 58 टक्के लोहांशाखालच्या मालासह सर्व लोहखनिजावर 50 टक्के शुल्क लावले आणि त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला हलक्या प्रतीवरचे पूर्ण मागे घेतले. ज्या मालाला देशात गिऱ्हाईकच कमी, त्यावर असे शुल्क लावून पोलाद स्वस्त होत नाही, माल फक्त पडून राहतो. त्या बाबतीत आपली तक्रार योग्य आहे.

मर्यादेविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्या तेजीच्या वर्षांत कर्ज काढून घेतलेले ट्रक ऑक्टोबर 2012 च्या न्यायालयीन बंदीत दारात उभे राहिले, आणि बंदी उठून काम सुरू होईपर्यंत, 2015 च्या अखेरीस, 2011 मध्ये 180 डॉलरपुढे गेलेला टनाचा आंतरराष्ट्रीय भाव 40 डॉलरच्या खाली आला होता. ट्रकचा हप्ता दरमहा सारखाच असतो. खाणकंपनी भाव पडला की थांबू शकते, आपण थांबू शकत नाही. त्यामुळे वर्षाला ठरलेल्या टनांची, वीस-पंचवीस वर्षे पुरणारी खोदाई खाणकंपनीपेक्षा आपल्याला अधिक सोयीची आहे, आणि ती मर्यादा ट्रकांच्या परवान्यांनाही त्याच प्रमाणात लावली जावी, अशी मागणी ट्रकमालकांच्या संघटनांकडूनच यायला हवी.