कानात सतत शिट्टी वाजते. मग चांगल्या साउंड सिस्टीमवर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की टिनिटसचं, म्हणजे बाहेर काही नसताना कानात वाजत राहणाऱ्या आवाजाचं, निदान झालंय, पन्नासेक हजारांची सिस्टीम घ्यायचं बरेच दिवस मनात होतं, तर आता घ्यावी की नाद सोडावा? आणि घेतलीच तर हेडफोन की स्पीकर?

घ्या. नक्की घ्या. ‘कान बिघडलेत, आता साधा डबाही चालेल’ असं तुम्हाला जे कोणी सांगतंय, त्याला यातलं काही कळत नाही. मी हे जरा चिडूनच लिहितोय, कारण हेच वाक्य मला माझ्याच घरात, चतुर्थीला, पाहुण्यांनी भरलेल्या पडवीत ऐकावं लागलंय.

मी देवगड बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतो. इंजिनरूममध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. कानात बोळे घालायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. त्यातून दोन्ही कानांत एक बारीक, उंच सूर लागून राहिला. मासेमारीच्या पावसाळी बंदीत, कौलांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा तो आठवतही नाही. दिवाळीनंतर वारा पडलेल्या रात्री मात्र तो सगळं डोकं व्यापतो. कोल्हापूरला जाऊन तपासणी केली. कुठला सूर किती ऐकू येतो त्या आलेखाची रेघ 2000 हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) बऱ्यापैकी सरळ, 4000 ला खड्डा, म्हणजे तिथे कमी ऐकू येतं, 8000 ला पुन्हा थोडी वर. आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचा आलेख बहुतेक असाच येतो. आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तिकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपल्या बाजूने तो वाढवून घेऊ बघतो, आणि त्यातूनच ही शिट्टी निघते असं डॉक्टरांनी समजावलं.

त्यानंतर मी जुने पण उत्तम स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर घेतला. चतुर्थीला मेव्हणा डोंबिवलीहून आला, सगळं बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, “भावोजी, कानात आधीच शिट्टी वाजतेय, तुम्हाला यातला काय फरक कळणार? फुकट पैसे घातलेत.” त्याच्या हातात ब्लूटूथचा एक डबा होता, तोच कसा पुरेसा आहे हे तो सांगत राहिला. सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसलो. पण ते लागलं. ज्याचं पोट कानावर चालतं त्याला असं बोलायचं नसतं. आजही एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, बोटीवर बोलावतो, “बघ रे, आवाज कसो वाटता तो,” म्हणतो. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि सहापैकी कुठल्या सिलिंडरचं नोजल गेलंय ते सांगतो. शिट्टी त्या वेळीही चालूच असते.

त्याच रात्री आरत्या आटोपल्यावर मी एका जुन्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण लावलं, अगदी हळू. मेव्हणा दोनदा म्हणाला, “वाढवा ना जरा.” मी वाढवलं नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना माझ्या लक्षात आलं की तंबोऱ्याची खर्जाची तार किंचित उतरलीय. बायकोला म्हटलं, तार उतरली. थोड्या वेळाने गायकाने मध्येच थांबून ती तार लावून घ्यायला सांगितली, तेही त्या मुद्रणात आहे. मेव्हण्याला ना उतरलेली कळली, ना लावलेली. त्याचे कान धडधाकट आहेत. ऐकणं म्हणजे नुसता आलेख नव्हे, हे मी तेव्हापासून सांगत आलोय आणि तो अजून मानत नाही.

आता हिशेबाने बघा. पियानोची सगळ्यात उंच पट्टी 4186 हर्ट्झची. म्हणजे तुमचा खड्डा माझ्यासारखा 4000 च्या आसपास असेल, तर माणसाच्या गळ्याचे, पेटीचे, सनईचे, पखवाजाचे मूळ सूर जवळजवळ सगळेच्या सगळे त्याच्या खाली शाबूत आहेत. वर उरते ती झांजेची झळाळी, जवारीची (तंबोऱ्याच्या घोडीवरून तारेला येणाऱ्या झणझणीची) धार, ‘स’ आणि ‘श’चा फुसकारा. ते थोडं फिकं होतं, नाहीसं होत नाही. 96 किलोहर्ट्झच्या हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मुद्रणाच्या, फायलींवर मात्र पैसे घालू नका. माणूस फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढतं तसं तेही कमी होतं, आणि साध्या सीडीचं 44.1 (त्यात निम्म्यापर्यंतचे, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात) त्याला पुरून उरतं.

चांगली सिस्टीम आपल्यालाच जास्त लागते, याचं खरं कारण वेगळंच आहे. असे कान हळू आवाज नीट पकडत नाहीत आणि जरा वाढवलं की तोच आवाज एकदम टोचायला लागतो. ‘ऐकू येतंय’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यातली जागा अरुंद होते. हलका स्पीकर हळू लावला तर गिजबिजतो, म्हणून हात आपोआप बटणाकडे जातो. वाढवला की कर्कशतो. चांगला स्पीकर साठ-पासष्ट डेसिबलवरही शब्द न् शब्द सुटा देतो. 85 डेसिबल आठ तास, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, हा कारखान्यातला हिशेब आहे. त्याने 100 डेसिबलला पंधरा मिनिटंच येतात. बंद पडवीत चार झांजा आणि मृदंग घेऊन तास-तास आरत्या होतात तिथे काय होत असेल, याचा विचार करा. मी आता झांजवाल्यांपासून लांब, अंगणात उभा राहतो.

शिट्टी विसरायला सगळ्यात चांगला तंबोरा. मिरजेचा बरा लावलेला तंबोरा ऐका. जवारीमुळे एकेका तारेतून उंच स्वरांची अख्खी रांग निघते आणि ती न तुटता चालू राहते. शिट्टी त्यात मिसळून जाते. बंद केल्यावरही थोडा वेळ ती मंद वाटते. सगळ्यांना हे होतंच असं नाही, मला होतं. भरपूर रिकाम्या जागा असलेलं संगीत, एकटी सतार वगैरे, सुरुवातीला कठीण जाईल, कारण प्रत्येक रिकाम्या जागेत शिट्टी डोकावते.

हेडफोन की स्पीकर? स्पीकर. हेडफोनच हवा असेल तर मागून उघडा असलेला घ्या. कान गच्च बंद करणारे आणि बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन बोटीवर, एसटीत ठीक, पण घरच्या शांततेत बाहेरचं सगळं गेलं की शिट्टी तेवढी उरते. स्पीकर भिंतीला चिकटवू नका. चिऱ्याच्या भिंती आणि कोबा असेल तर आवाज घुमतो, म्हणून खाली सतरंजी टाका. खिडकी उघडी ठेवा, गाज येऊ दे. फक्त समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने वायरच्या तांब्यावर हिरवं चढतं आणि एक बाजू खरखरू लागते. तेव्हा कान आणखी बिघडला म्हणून घाबरण्याआधी वायरी काढून टोकं घासा.

हे आधी लिहायला हवं होतं, तरी लिहितो: शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर ठक-ठक येत असेल, किंवा चक्करही येत असेल, तर स्पीकर राहू द्या, आधी कान-नाक-घसावाल्यांना गाठा. एखादा कान अचानक ऐकू येईनासा झाला तर त्याच दिवशी जा. त्यावरच्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. कधीकधी नुसता मळ असतो. गरम खोबरेल तेल घालू नका. ‘शिट्टी मुळापासून बंद’ म्हणून विकले जाणारे थेंब आणि गोळ्या घेऊ नका, तसं औषध अजून निघालेलं नाही. आणि साध्या भांड्यांच्या आवाजानेही कान दुखत असतील तर तो त्रास वेगळा, त्याला माझा सल्ला लागू नाही.

मॉडेल मी सांगणार नाही, प्रत्येकाचा खड्डा वेगळा. तुमच्या ओळखीच्या चार सीडी घेऊन दुकानात जा. विक्रेता आवाज चढवून दाखवेल, त्याला कमी करायला सांगा, आणखी कमी, आणि तिथे ज्या जोडीवर गाणं अजून सुटं ऐकू येतं ती उचला. ‘तुला काय फरक कळणार’ म्हणणाऱ्याला मात्र सोबत नेऊ नका.