दुडकी चाल, नवा चष्मा आणि डुलणारी जमीन

प्रश्न : माझे वय ४६ असून गेली चार वर्षे मी पुण्यात आठवड्यातून तीनदा घोडेस्वारी शिकते. रस्त्यावरच्या पाट्या अंधुक दिसू लागल्या म्हणून डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे १.२५ नंबर, उजव्याला थोडा सिलिंडर (ठरावीक दिशेने बसवायचा जादा नंबर) आणि वाचनासाठी अधिक १.२५ ची भर निघाली. दुकानात प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेला, सुचवला गेला. आयुष्यातला हा पहिलाच. घरी ठीक चालते, पण घोड्यावर बसताच जमीन डुलते, दुडकी चालीत मळमळते आणि घोड्याने ओलांडण्यासाठी जमिनीवर मांडलेल्या दांड्यांचे अंतर समजत नाही. मी सारखी मान खाली घालते म्हणून प्रशिक्षक रागावतात. चष्मा सोडून द्यावा का?

उत्तर : चष्मा सोडू नये, परंतु हा चष्मा घोड्यावर घालू नये.

आपल्या काचेच्या वरच्या भागात उणे १.२५ आहे आणि खालच्या भागात त्यात अधिक १.२५ मिळवलेले आहेत. बेरीज शून्य होते, म्हणजे डाव्या डोळ्यापुढे खाली जवळजवळ साधी काच आहे. घोड्यावर बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास उंच असतात. काचेचा खालचा भाग मात्र हातातल्या पुस्तकासाठी, साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी केलेला असतो. त्यामुळे समोरचे झाड आपल्याला चष्म्यातून दिसते आणि दांडा जणू चष्म्याविना. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात नंबर क्रमाने बदलत जातो व बाजूंना प्रतिमा थोडी वेडीवाकडी होते. दुडकी चालीत सेकंदाला दोन-अडीच हिसके बसतात, नजर त्या पट्ट्यातून वर-खाली होते, आणि जमीन डुलते ती त्यामुळेच. दांडा स्पष्ट दिसावा म्हणून तो काचेच्या वरच्या भागातून पाहायला आपण मान खाली घालता, मानेबरोबर खांदे झुकतात आणि भार पुढे जातो. प्रशिक्षकांचा राग रास्त आहे, पण दोष सवयीचा नसून काचेचा आहे.

स्वारीसाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. खर्चाने बिचकू नये, कारण एकाच नंबरची काच प्रोग्रेसिव्हपेक्षा बरीच स्वस्त असते. तंग (घोड्याच्या पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) आवळताना त्याची भोके नीट दिसली नाहीत, तर चष्मा क्षणभर वर सरकवावा. उणे १.२५ च्या उघड्या डोळ्याला ८० सेंटिमीटरपर्यंतचे मुळातच स्पष्ट दिसते आणि चाळिशीत डोळ्याच्या भिंगाची लवचीकता घटली तरी आपल्या वयात ती पुरती संपलेली नसते. खरे तर आपल्याला वाचनासाठीही प्रोग्रेसिव्हची गरज होती का, हा प्रश्न दुकानातच विचारायला हवा होता.

काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी, कारण पडल्यावर ती सहसा फुटत नाही. फ्रेम हलकी, नाकावर सिलिकॉनच्या गाद्या असलेली आणि सरळ, पातळ दांड्यांची असावी. जाड दांड्या हेल्मेटखाली कानशिलावर रुततात. दुकानात जाताना हेल्मेट बरोबर न्यावे, आणि ते पाहून दुकानदार हसला तर हसू द्यावे. मागे लवचीक पट्टी बांधल्यास घामाने चष्मा घसरत नाही. ऊन पाहून काळी होणारी काच आच्छादित रिंगणात शिरताच लगेच निवळत नाही, म्हणून मी ती सुचवणार नाही. पावसाळ्यात काच धुरकट होते, त्यावर धुके-रोधक द्रव बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

नवा चष्माही पहिल्या दिवशी थोडा परका वाटेल. डोके हलले की नजर स्थिर राहावी म्हणून मेंदू डोळे उलट दिशेने फिरवतो. उणे काचेतून प्रतिमा किंचित लहान, आपल्या नंबरला सुमारे दीड टक्का लहान, दिसत असल्याने हा हिशेब त्याला नव्याने बसवावा लागतो. सिलिंडरमुळे जमीन काही दिवस तिरकीही भासेल. आठवडाभर सकाळी उठल्यापासून तोच चष्मा वापरावा, जिन्यावरून चढ-उतार करावी, मग घोड्यावर आधी संथ चाल, नंतर दुडकी, आणि दांडे सर्वांत शेवटी. दोन आठवड्यांनीही जमीन तिरकीच दिसली तर सवयीची वाट न पाहता काचेचे केंद्र आपल्या बाहुल्यांसमोर येते का व सिलिंडरचा अक्ष बरोबर आहे का, हे तपासून घ्यावे.

कॉन्टॅक्ट लेन्सचा मोह होईल, परंतु रिंगणातल्या धुळीत ती डोळ्याला टोचते. वापरायचीच तर एक दिवसाची लेन्स घ्यावी आणि लगाम, खरारा हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नये.

तोवर, म्हणजे नवा चष्मा हाती येईपर्यंत, दांडे टाळून सपाट रिंगणात चष्म्याविना संथ स्वारी करायला हरकत नाही, उणे १.२५ ने समोरचा घोडा दिसतो. फक्त प्रशिक्षकांना आधी कल्पना द्यावी.