वाचकांचे प्रश्न : सुख कोणत्या काट्यावर मोजायचे?

२० मार्चच्या आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या निमित्ताने या सदरात सुखाच्या शास्त्रीय अभ्यासाविषयी थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. सर्वांनी ‘सुख’ हाच शब्द वापरला असला तरी प्रत्येकाच्या मनातील वस्तू वेगळी आहे. या विषयातील निम्मे वाद या एकाच कारणाने होतात, असे तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेल्या वर्षांनंतर माझे मत झाले आहे.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहे. मागील हंगामात मृगबागेच्या मालाला भाव बरा लागला. सोसायटीचे कर्ज फिटले, घरावर स्लॅब पडला, मुलाला मोटारसायकल घेतली. काही महिने घरात सणासारखे वाटत होते. आता पुन्हा तीच चिडचिड आहे. पैशाने सुख मिळत नाही हे शास्त्रानेही सिद्ध केले आहे, असे आमच्याकडे कीर्तनात सांगतात. ते खरे आहे काय?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे कीर्तनात सहसा सांगितले जात नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली एक विसंगती दाखवून दिली. एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत सर्वांचेच उत्पन्न वाढत गेले, तरी लोकांनी सांगितलेल्या सुखाची सरासरी त्या प्रमाणात वाढलेली दिसली नाही. याची दोन कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. एक म्हणजे मिळालेल्या गोष्टीची सवय होते, आणि दुसरे म्हणजे माणूस आपला पैसा शेजाऱ्याच्या पैशाशेजारी ठेवून मोजतो. तुमच्या घरावर स्लॅब पडला त्याच हंगामात बांधाशेजारच्यानेही मजला चढवला असेल, तर तुमच्या चिडचिडीचा काही भाग तेथून आलेला असण्याची शक्यता आहे.

सवयीचा पुरावा म्हणून फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ सालचा अभ्यास नेहमी सांगितला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचाच सांगितला जातो. लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात अपंगत्व आलेले २९ जण आणि सामान्य २२ जण यांना त्यांनी प्रश्न विचारले होते. ‘वर्षभरात लॉटरीवाला आणि अपंग झालेला दोघेही सारखेच सुखी झाले’ असा त्याचा सारांश भाषणांतून फिरतो. प्रत्यक्षात ० ते ५ या मापावर लॉटरीवाल्यांची सरासरी ४.००, सामान्यांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६ होती. म्हणजे लॉटरीने फारसा फरक पडला नाही हे खरे. परंतु शरीराला झालेली इजा सवयीने पुसली गेली असे मुळीच नाही. शिवाय इतक्या थोड्या माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांचा पुढे खूप मोठा अभ्यास झाला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. मोठे बक्षीस मिळालेले लोक दहा वर्षे उलटल्यावरही आपल्या एकूण आयुष्याविषयी अधिक समाधानी असल्याचे त्यात आढळले. दैनंदिन आनंदावर मात्र परिणाम कमी होता.

‘एकूण आयुष्याविषयीचे समाधान’ आणि ‘कालचा दिवस कसा गेला’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक उत्तरांवरून असे मांडले की पहिले समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जाते, तर दैनंदिन भावस्थिती वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर कौटुंबिक उत्पन्नानंतर सुधारत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ साली असा थांबा कोठेच दिसला नाही. तेव्हा वर्तमानपत्रांतून एकमेकांवर लेख लिहीत बसण्याऐवजी, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन, कानेमन आणि किलिंग्सवर्थ या दोघांनी एकत्र काम केले (आपल्याकडील विद्वानांनी हा भाग दोनदा वाचावा) आणि २०२३ साली निष्कर्ष दिला : बहुसंख्य लोकांची भावस्थिती उत्पन्नाबरोबर सुधारतच राहते, जे मुळातच फार दुःखी आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र एका मर्यादेनंतर पैसा उपयोगी पडत नाही. हा संबंध पटीचा आहे, हेही विसरू नये. महिना दहा हजारांवर भागवणाऱ्याला आणखी दहा हजारांनी जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक पडण्यासाठी लाख कमावणाऱ्याला आणखी एक लाख लागतो.

तुमच्यासारख्या शेतकऱ्याशी थेट संबंध असलेला अभ्यास तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ४६४ शेतकऱ्यांची, त्याच माणसांची, कापणीपूर्वी आणि कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेण्यात आली. कापणीपूर्वी, म्हणजे हात तंगीत आणि डोक्यावर देणे असताना, त्यांचे गुण लक्षणीयरीत्या कमी आले. पैसा हाती आल्यावर तोच माणूस अधिक नीट विचार करू लागला. केळीची कापणी होऊन काट्याची पावती हाती पडेपर्यंत वादळाकडे आणि भावफलकाकडे लागलेले डोळे ज्याने पाहिले आहेत, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा स्लॅबची आणि मोटारसायकलची सवय झाली, हे अपेक्षितच होते. कर्ज फिटले याची तितकी सवय होत नाही. रात्री झोप कशी लागते, याची तुलना स्लॅबपूर्वीच्या नव्हे, तर कर्ज फिटण्यापूर्वीच्या दिवसांशी करून पाहा.

प्रश्न : अमळनेरहून एक शिक्षक लिहितात : जागतिक आनंद अहवालात २०२५ साली १४७ देशांमध्ये भारत ११८ वा आणि फिनलंड पहिला होता. आनंदाची अशी क्रमवारी लावणे हाच मुळात पाश्चात्त्य वेडेपणा नव्हे काय?

उत्तर : ज्या गावात १९१६ साली प्रताप शेठजींच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्या गावातून हा प्रश्न यावा, हे मला आवडले. परंतु मोजण्याचा हव्यास केवळ पाश्चात्त्यांचा आहे, हे मान्य करता येत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील आनंदवल्लीत आनंदाचे चक्क एकक ठरवलेले आहे : तरुण, सुस्वभावी, विद्यावंत, धडधाकट मनुष्य आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची, हा एक मानुष आनंद. पुढे त्याच्या शंभरपट, त्याच्याही शंभरपट, अशी शिडी चढत ती गणना ब्रह्मानंदापर्यंत जाते. मानुष आनंदाच्या वरच्या प्रत्येक पायरीवर मात्र एक वाक्य जोडलेले आहे की, कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियाला, म्हणजे वेद जाणणाऱ्याला, हा आनंद आहेच. म्हणजे शिडी उभी करणाऱ्यानेच, ती न चढताही वर पोहोचता येते, असे सांगून ठेवले आहे.

अहवालातही शिडीच आहे. हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली मांडलेला तो प्रश्न असा : तळाला ० आणि माथ्यावर १० असलेल्या शिडीची कल्पना करा, माथा म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य आणि तळ म्हणजे सर्वांत वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? या प्रश्नात ‘आनंद’ हा शब्दच नाही. २०२५ च्या अहवालात भारताची सरासरी सुमारे ४.४ आली, याचा अर्थ भारतीय माणूस कमी हसतो असा नसून, तो आपल्या आयुष्याला कल्पनेतल्या चांगल्या आयुष्यापासून दूर मानतो, असा आहे. दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, अडचणीत धावून येणारे माणूस असणे, निवडीचे स्वातंत्र्य, दानशीलता आणि भ्रष्टाचार या सहा गोष्टींना गुण देऊन क्रमांक काढतात, असे वृत्तपत्रांत छापून येते, तेही चूक आहे. क्रमांक तीन वर्षांच्या उत्तरांच्या सरासरीवरूनच लागतो. त्या सहा गोष्टी देशादेशांतील फरकाचे स्पष्टीकरण देण्यासाठी नंतर वापरल्या जातात. शिडीवर घेण्यासारखा खरा आक्षेप वेगळा आहे. शिडी म्हटली की माणसाच्या डोळ्यांसमोर पैसा आणि सत्ता अधिक येतात, असे २०२४ सालच्या एका अभ्यासात दिसले. मास्तर, तुमच्या वर्गात हाच प्रश्न एकदा शिडीच्या चित्रासह आणि एकदा चित्राविना विचारून पाहता येईल.

प्रश्न : सुखी होण्याचा शास्त्रीय उपाय एका वाक्यात सांगावा. (भुसावळ)

उत्तर : एका वाक्यात सांगणाऱ्यापासून सावध राहावे. कृतज्ञतेची वही, ध्यान, व्यायाम, निसर्गात फिरणे हे उपाय वाईट नाहीत. परंतु डनिगन फोक आणि एलिझाबेथ डन यांनी २०२३ साली त्यांच्यामागचा पुरावा तपासला तेव्हा, पुरेशा मोठ्या आणि पद्धत आधीच जाहीर करून केलेल्या प्रयोगांची संख्या फारच थोडी निघाली. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर तो सुखशास्त्राचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना भेटावे किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

प्रश्न : मी शिरपूरची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस माहेरी होते. झोका, गाणी, मैत्रिणी, सगळे मनासारखे झाले. पण निघण्याच्या दिवशी वहिनीशी शब्दाला शब्द लागला. आता आखाजी आठवली की ते भांडणच आठवते. आठ दिवसांचे सुख एका तासाने खोटे ठरते काय?

उत्तर : ताई, खोटे ठरत नाही, फक्त तुमच्या स्मरणशक्तीचा हिशेब पक्षपाती आहे. वर उल्लेख केलेल्या कानेमन यांनी अनुभवणारा ‘मी’ आणि आठवणारा ‘मी’ असा भेद केला. १९९३ सालच्या एका प्रयोगात लोकांना एकदा मिनिटभर १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात हात बुडवायला लावले, आणि दुसऱ्यांदा तेवढेच मिनिट व वर आणखी अर्धे मिनिट, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले. दुसऱ्या खेपेला यातना एकूण जास्तच होत्या. तरीही पुन्हा कोणते करायला आवडेल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरेच निवडले, कारण त्याचा शेवट कमी त्रासाचा होता. स्मरणशक्ती किती वेळ गेला हे मोजत नाही. तीव्र क्षण आणि शेवट तेवढे जपून ठेवते.

आपल्याकडे लेकीला निघताना ओटी भरून, हातावर साखर ठेवून, वेशीपर्यंत सोबत जाऊन निरोप देतात, ती रीत काही मानसशास्त्र वाचून पडलेली नाही. पण तिने शेवटाचे महत्त्व ओळखलेले दिसते. मात्र हा नियम थोड्या वेळाच्या अनुभवांवर पक्का उतरतो. आठवडाभराच्या सुटीवर तो तपासला गेला तेव्हा इतका चपखल बसला नाही. त्यामुळे तुमच्या आखाजीला अजून वाव आहे. कानबाईच्या सणाला भावाकडे जाणे होईलच. तेव्हा वहिनीशी आधी बोलून घ्यावे. शेवट तेथे बदलता येईल.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचा विद्यार्थी आहे. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी पाड्यावरील चाळीस घरांत ‘तुम्ही किती समाधानी आहात’ हे विचारले. बहुतेकांनी दहापैकी सात किंवा आठ सांगितले. माझ्या आईनेही आठ सांगितले. तिचे गुडघे तिला रात्री झोपू देत नाहीत आणि पाणी चढ उतरून आणावे लागते. मार्गदर्शक म्हणतात, ‘आदिवासी समाज मुळातच समाधानी असतो’ असा निष्कर्ष लिही. मी काय लिहावे?

उत्तर : तो निष्कर्ष लिहू नये. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले, आणि या अंकातील सर्वांत कठीण प्रश्न तुमचाच आहे.

अमर्त्य सेन यांनी याच अडचणीसाठी एक जुने सर्वेक्षण पुन्हा समोर आणले. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कोलकात्याजवळील सिंगूर येथे विधवा आणि विधुर यांना प्रकृतीविषयी विचारण्यात आले होते. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी प्रकृती बरी नसल्याचे सांगितले. विधवांपैकी तसे सांगणाऱ्या अगदी मोजक्या होत्या. त्या काळातील विधवेचे जगणे माहीत असलेला कोणीही या आकड्यांवरून ‘विधवा अधिक निरोगी होत्या’ असे म्हणणार नाही. ज्याला कधी काही मिळाले नाही, तो आपली अपेक्षाच लहान करून घेतो. तक्रार करणे हेसुद्धा ज्याला हक्क आहे असे वाटते त्यालाच सुचते. म्हणून सेन यांनी सुखाच्या काट्याऐवजी दुसरा काटा पुढे केला : हा माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो? ॲरिस्टॉटलने ज्याला सफल जीवन म्हटले, तेही मनाची गोड अवस्था नसून क्षमतांचा नीट वापर असलेले जगणे होते, आणि सेन यांचा विचार त्या परंपरेशी नाते सांगतो.

परंतु उलट टोकालाही जाऊ नये. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ साली कोलकात्यातील झोपडपट्टी, फुटपाथ आणि वेश्यावस्तीतील ८३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण आयुष्याविषयी ते किंचित असमाधानी होते, पण कुटुंब आणि स्वतःची नीतिमत्ता यांविषयी समाधानी होते. ते खोटे बोलत होते किंवा त्यांना काही कळत नव्हते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तुमच्या आईच्या आठपैकी काही गुण खरोखरच तुमचे, शेजारपाजाऱ्यांचे आणि होळीच्या रात्रीच्या ढोलाचे असतील. ते गुण तुमच्या मार्गदर्शकांनी पाण्याच्या खात्यावर जमा करू नयेत, एवढेच.

प्रकल्पात सात-आठ हे आकडे जसेच्या तसे द्यावेत. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना करून त्यात वेगळे प्रश्न ठेवावेत : दिवसाला पाण्याच्या खेपा किती होतात, शेवटचे औषध केव्हा घेतले, मागील महिन्यात दुखण्यामुळे किती रात्री जाग आली, मुलीला दहावीनंतर शिकायचे असेल तर ती कोठे जाईल. प्रश्न पावरीत किंवा भिलीत विचारावेत. ‘समाधानी’ हा शब्द तुमच्या आईने कोणत्या अर्थाने घेतला, तेही तिलाच विचारून नोंदवावे. दोन्ही रकाने एकमेकांशी जुळत नसतील, तर ते न जुळणे हाच तुमचा निष्कर्ष आहे आणि तो तसाच लिहावा. प्रकल्प देण्याची मुदत महिनाअखेरीस आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी एक दिवस काढून आईला ग्रामीण रुग्णालयात गुडघे दाखवून आणावेत.