अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन कोकणातल्या ग्रुप सायकल टूरला जावं का? ती थकली तर ग्रुपला त्रास होईल का?

मुलगी जाईल हो. पण तुम्ही लिहिलंय ना, 'बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून मोठ्या चढांना तिला टेम्पोतच बसवू', ते वाचून राहवलं नाही.

आम्ही तिघं दापोली ते गणपतीपुळे असेच एका ग्रुपबरोबर गेलो होतो, जानेवारीत. लेक तेव्हा सहावीत. नवऱ्याचं म्हणणं, किनाऱ्याकिनाऱ्यानेच तर जायचंय, सपाटच असणार. कोकणात सायकल चालवलेला माणूस असं कधी बोलणार नाही. प्रत्येक खाडीला रस्ता पार पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो. दाभोळला फेरीबोटीत सायकली चढवल्या, वारा खात धोपाव्याला उतरलो, आणि जेटी संपते न संपते तोच चढ. तोवर पाय गार पडलेले. नवरा 'वर भेटू' म्हणत फास्ट मंडळींबरोबर पुढे. लेक सगळ्यात हलक्या गिअरवर, तरी हँडल डावी-उजवीकडे जायला लागलं, तशी उतरून ढकलायला लागली. मागून बॅकअपचा टेम्पो आला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "ये गो बाय, बस." तर म्हणते, "नको, वर बाबा आहेत." पुढच्या वळणावर तिनेच हात केला आणि बसली.

वर टपरीवर तिचे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "थोडंच तर राहिलं होतं! टूर मोडलीस की." पोरीने कोकम सरबताचा ग्लास तसाच खाली ठेवला.

यावरून आमचं अजून वाजतं. घरी पाहुणे आले की "धोपाव्याचा चढ सोडून सगळं केलं हिने" हे शेपूट हा लावणारच. आणि दुसऱ्या दिवशी तवसाळहून बोटीने जयगडला उतरल्यावर काय झालं? लेक निम्मा चढ चालवत, निम्मा ढकलत वर आली. टेम्पोत बाबा होते, पोटऱ्यांना गोळे आले म्हणून. त्याला टूर मोडणं म्हणत नाहीत वाटतं!

तेव्हा टेम्पोत कधी बसायचं ते तिला ठरवू द्या. आधीपासून बसवू नका, बसली तर चारचौघांत बोलू नका. त्या गाडीचे पैसे तुम्हीच भरलेले असतात. आणि 'वर भेटू' म्हणून पुढे पळू नका. फास्ट जायचं असेल तर एकट्याने वेगळी टूर करा, बायकोला मागे पोर सांभाळायला ठेवून नाही.

ग्रुपचं म्हणाल तर धड ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाबरोबर एक स्वीप, म्हणजे मुद्दाम सगळ्यात मागे राहणारा त्यांचा माणूस, असतोच, बाकीचे थांबत नाहीत. बुकिंगच्या आधी तेवढं विचारून घ्या.

हां, एक राहिलं. चढाचं एवढं लिहिलं, पण मुलांच्या बाबतीत खरी भीती उताराची. त्यांची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोचत नाहीत. बहुतेक लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. दुकानदाराकडून घरीच करून घ्या. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, आणि नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे तिच्याकडून घराजवळच्या एखाद्या उतारावर घोटून घ्या. ते जमत नसेल तर यंदा राहू द्या. आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा, त्या अरुंद रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या फार असतात.