दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर

भाऊ, फुलझाडं लावायच्या पहिल्या वर्षी झेंडूच लावा. बी पेरल्यापासून फूल उमलायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. शेंडा खुडला तर आठवडाभर उशीर होतो, पण फुटवे वाढून फुलं कितीतरी जास्त येतात, म्हणून खुडायचाच. दसऱ्याच्या तारखेपासून हा आठवडा धरून तेवढे दिवस मागे मोजून बी टाका.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. पावसात ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात. सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. कुंडीत दोन भाग माती, एक भाग चाळलेली वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत घ्या. ताजं शेण नको, त्याच्या उष्णतेनं मुळं जळतात. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच वाफा करा. रोप ३ ते ४ आठवड्यांचं झालं की संध्याकाळी लावा, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. युरिया टाळा, नुसता पाला माजतो.

शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली ठेवू नका. तिला कळ्या धरायला लांब, अंधारी रात्र लागते.

आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात? चिनी गुलाब. काडी खोचली की लागते, पाणी बेताचंच द्या. सकाळच्या उन्हात ती कुंडी रंगांनी भरून जाते, फार सुंदर दिसते.