मंदी आली की बेटावरच्या स्कूबा सेंटरचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की मंदीच्या काळात अंदमानसारख्या ठिकाणचे डायव्हिंगचे धंदे तग धरतात का, आणि नोकरी सोडून हॅवलॉकला सेंटर काढायचं मनात आहे तर ही वेळ बरी की थांबावं. इतर उत्तरं वाचली. 'पर्यटक घटतात, उत्पन्न घटतं' एवढंच सगळ्यांनी फिरवून फिरवून लिहिलंय. हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही उत्तरं लिहिणाऱ्यांतल्या एकानेही कधी सिलिंडर उचललेला दिसत नाही.

मी मालवणचा. २०१४ ते २०२० असे सहा सीझन हॅवलॉकला काढले, आधी डायव्हमास्टर, मग इन्स्ट्रक्टर म्हणून. बेटाचं नाव २०१८च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं, पण बोटीवर आम्ही शेवटपर्यंत हॅवलॉकच म्हणायचो.

पहिली गोष्ट, मंदीत जेट्टी रिकामी दिसेल अशी अपेक्षा असेल तर सोडा. जेट्टी भरलेलीच असते. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) येणाऱ्या बोटीतून माणसं उतरतच राहतात, कारण सरकारी नोकरांचा पगार मंदीत थांबत नाही आणि त्यांना अंदमानला विमानाने जायची एलटीसी, म्हणजे सहलीचा सरकारी प्रवासखर्च, मिळते. फक्त ती माणसं पाण्यात उतरत नाहीत. राधानगर बीचवर फोटो, काचेच्या तळाची बोट, नारळपाणी, परत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं धंदा जोरात आहे. आमच्याकडे मात्र भरलेले सिलिंडर दुपारपर्यंत तसेच रांगेत उभे.

दुसरं, बेटावर मंदी विमानाच्या तिकिटातून येते. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेज बंद पडली. तिची पोर्ट ब्लेअरची विमानंही गेली आणि उरलेल्यांनी भाडी चढवली. चौघांच्या कुटुंबाची सहल आधीच ठरलेली असते, तिकिटात पंधरा-वीस हजार जास्त गेले की ते कुठून कापणार? हॉटेल कापता येत नाही, बोट कापता येत नाही. कापलं जातं ते डायव्हिंग. त्यातही आधी जातो चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे नवख्यांना डायव्हिंग शिकवणारा पहिला कोर्स, आणि इन्स्ट्रक्टरचं पोट त्या कोर्सच्या कमिशनवर असतं. मागे उरतात ती अर्ध्या तासाची एकच डुबकी मारणारी माणसं, आणि त्यांनाही टॅक्सीवाला आणतो, तोही कमिशन घेऊनच. गिऱ्हाईक कमी झालं की टॅक्सीवाल्याचं कमिशन वाढतं. उलटं व्हायला पाहिजे ना? होत नाही.

नोटाबंदी मी तिथेच पाहिली. ८ नोव्हेंबर २०१६, म्हणजे ऐन सीझन तोंडावर, आणि अख्ख्या बेटावर नावाला एखाद-दुसरं एटीएम. महिन्याभरात वादळ आलं, बोटी बंद झाल्या आणि शेकडो पर्यटक बेटावर अडकले. खिशात रोकड नाही आणि जायला बोट नाही. तो महिना आम्ही उधारीच्या वहीवर काढला. तरी त्या वर्षी कुणी सामानाशी खेळ केला नाही, हे मुद्दाम सांगतो.

खेळ झाला २०१९-२०ला. प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो तो त्यासाठीच.

बेटावरच्या सेंटरचा खर्च गिऱ्हाइकाबरोबर खाली येत नाही. बोटीला चार माणसं असोत की बारा, डिझेल तेवढंच. बोटीवर करेन जमातीची (ब्रह्मदेशातून येऊन अंदमानात वसलेल्यांची) पोरं, त्यांचा पगार तेवढाच. त्यात रेग्युलेटरचे (तोंडात धरून श्वास घ्यायचं उपकरण) सुटे भाग, कंप्रेसरचं (सिलिंडरमध्ये हवा भरणारं यंत्र) फिल्टर सगळं परदेशी, आणि २०१८ साली डॉलर सत्तरीच्या वर गेल्यापासून प्रत्येक पार्सल महाग. मग मालकाला कात्री लावायला उरतं काय? जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते.

आमच्या कंप्रेसरच्या शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असायची. किती वाजता चालू केला, किती सिलिंडर भरले, मीटरचे तास किती झाले, सगळं त्यात लिहायचं. त्या तासांवरून फिल्टरचं कार्ट्रिज कधी बदलायचं ते ठरतं. कार्ट्रिजमध्ये कोळसा असतो, तो तेलाची वाफ धरतो, बाकीचं ओल धरतं. कंपनी जे तास लिहून देते ते गार हवेतले. हॅवलॉकच्या दमट उकाड्यात ते बरेच लवकर संपतात.

जानेवारी २०२०, सकाळचे साडेसहा. रात्री भरून ठेवलेले १४ सिलिंडर. मी सवयीप्रमाणे एकाचा व्हॉल्व्ह किंचित उघडून नाक लावलं. पुसट वास. जुन्या एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यावर येतो ना, तसा. दुसरा उघडला, तोच. जिभेवर पितळेसारखी चव. वही काढली तर २ तारखेनंतर एक ओळ नाही. मीटरवर मात्र तास पुढे गेलेले. कंप्रेसर चालवणारा पोरगा रांची होता (छोटा नागपूरकडून आलेल्यांना अंदमानात सरसकट रांचीच म्हणतात), तो माझ्याकडे बघेना. मालकाने त्याला सांगितलं होतं, लिहू नकोस.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, दस-पंद्रह घंटे और खींच ले. सीझन के बाद बदलेंगे. कौन सूंघता है?"

पाण्याखाली कुणी हुंगत नाही, हे त्याचं खरंच. पण १२ मीटरवर माणूस वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त दाबाची हवा ओढतो. हवेत विषारी वायू असेल तर त्याचा मारही त्याच हिशेबात वाढतो. गटांगळी खाल्ली की शिकाऊ माणूस घाबरतो, हे आपल्याला दिसतं. गुंगी आली तर तो शांत दिसतो, आणि आपल्याला वाटतं छान चाललंय.

मी १४च्या १४ सिलिंडर बाहेर काढून मोकळे केले. एका वेळी १४ व्हॉल्व्ह उघडल्यावर जी शिट्टी होते ती समोरच्या सुपारीच्या बागेपर्यंत गेली. व्हॉल्व्हवर दव धरलं. वेटसूट घालून पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं, त्यातले काका उठून आले, "काय हो, गॅस लीक झालाय का?" मी म्हटलं, काका, आजचं रद्द, पैसे परत. माणशी चार हजारप्रमाणे चौघांचे सोळा. तेवढ्यात कार्ट्रिज आलं असतं.

मालकाने ते सोळा हजार माझ्या पगारातून कापले आणि दुपारच्या बोटीने जा म्हणाला. गेलो.

मालवणला आलो तर दादा म्हणाला, "गप रवलं असतंस तर नोकरी रवली असती." आमचं भांडण तेव्हापासून चालू आहे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या, तरी त्याचं म्हणणं तेच. तो स्वतः किल्ल्याजवळ स्कूबाची बोट चालवतो. धंदा मंदावला की पहिलं काय करतो? दर पाडतो. शेजारच्याने सातशे म्हटलं की हा सहाशे. माझ्या डोळ्यांदेखत पाचशेला आले, त्यात व्हिडिओ फुकट. पाचशेत कुठल्या रेग्युलेटरची सर्व्हिस होते ते मला दाखवा. मी विचारतो, तो म्हणतो, "गिऱ्हाईक आधी, सर्व्हिस मागाहून."

एक कबूल करतो, दादाला माझ्यापेक्षा मंदी सोसते. पर्यटक नाही आला तर तो जाळं घेऊन जातो, समुद्र तोच. हॅवलॉकच्या बंगाली जमीनमालकांचंही तसंच, रिसॉर्ट बंद पडलं तरी सुपारी आहे, केळी आहेत. बुडतो तो बाहेरून जाऊन कर्ज काढून सेंटर टाकणारा. म्हणजे तुम्ही. वाईट वाटून घेऊ नका.

तरी जायचंच असेल तर पहिल्या दोन सीझनचा पूर्ण खर्च बाजूला ठेवून जा, एकही गिऱ्हाईक येणार नाही असं धरून. कोर्सवर हिशेब मांडू नका. बोट विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. परवाने, भाडेकरार यातलं मला विचारू नका, मी पगारी माणूस होतो, मालकाचे हिशेब मी कधी बघितले नाहीत. आणि हो, त्या १४ सिलिंडरमधली हवा खरंच विषारी होती हे मी सिद्ध करू शकत नाही. बेटावर तपासायची सोय नव्हती, आदल्या आठवड्यात तीच हवा घेऊन कुणी आजारीही पडलं नव्हतं. दादा नेमकं ह्यावरच बोट ठेवतो. ठेवू दे. हॅवलॉकला काटेकोर सेंटरंही आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात डायव्हिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. कंप्रेसर विकायचा आहे, उत्तम स्थितीत, वापर कमी. फोटोत मागे आमची शेड, आणि भिंतीवर तो खिळा. वही नव्हती. मी खाली लिहिलं, 'तासांची वही मिळेल का?' दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दादाला दाखवलं तर म्हणाला, "अजून किती दिवस धरून बसतलंस?"