विद्यार्थिनी सीनियर झाली, आता सरांनी काय करायचं?

प्रिय सर,

तुमचं पत्र चार पानी. त्यातली अडीच पानं मेव्हण्यावर आणि इतिहासावर जेमतेम सहा ओळी. मी त्या सहा ओळींपासून सुरुवात करणार आहे, पण आधी वाचकांना गोष्ट सांगायला हवी.

सर 45 वर्षांचे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. एका अनुदानित कॉलेजात 17 वर्षं इतिहास शिकवतात. पीएचडी आहे, वेतनाच्या लेव्हल 12 वर आहेत आणि दहा महिन्यांनी असोसिएट प्रोफेसर व्हायची पाळी येते. मध्येच विद्यापीठाची जाहिरात आली, अर्ज केला, निवड झाली. पद मात्र असिस्टंट प्रोफेसरचं, लेव्हल 10. त्याच विभागात सरांनीच एकेकाळी शिकवलेली मुलगी तीन वर्षांपूर्वी रुजू झालीय, म्हणजे तिथे ती सीनियर. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना मेव्हण्यानं चारचौघांत विचारलं, "म्हणजे भावोजी, इतकी वर्षं काढून पुन्हा खालच्या पायरीवर?" तेव्हापासून झोप नाही. "जाऊ की राहू, माई?"

आता त्या सहा ओळी. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांतल्या, गांवकरीचे (गावच्या सामूहिक जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे) मोडी कागद तुम्ही वाचताय. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांत गावचा हिशेब कसा बदलतो ते तुम्हाला शोधायचंय. त्यासाठी गेली आठ वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत पणजीच्या पुराभिलेखात जाऊन बसता. 1595 पासूनचं ते दफ्तर आणि तुमच्या वाट्याला त्यातला वर्षाकाठी एक महिना! ह्या ओळींत मेव्हणा नाही, प्राचार्य नाहीत, पगार नाही. अख्ख्या पत्रात तुमचं अक्षर एवढ्याच ठिकाणी सरळ आलंय.

म्हणून माझं मत आधीच सांगते. जा. पण कागद हातात घेऊन जा.

"कॉलेजात अजून कुणाला पत्ता नाही," असं तुम्ही मोठ्या हुशारीनं लिहिलंय. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मग अर्ज कोणत्या मार्गानं केलात? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांत 10 वं कलम मागची सेवा धरण्याबद्दल आहे. अर्ज रीतसर मार्गानं, म्हणजे संस्थेमार्फत गेलेला असावा, अशी अपेक्षा असते. आगाऊ प्रत पाठवून 'ना हरकत दाखला नंतर देतो' असं लिहून दिलं असेल, तर अजून वाट आहे. तसं नसेल तर तुमची 17 वर्षं पुढच्या बढतीसाठी धरायची की नाही, हा वाद तुम्ही स्वतःहून घरात आणलाय. सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जा. रागावतील, रागावू द्या.

राजीनामाही साधा लिहू नका. परवानगी घेऊन दुसऱ्या पदावर रुजू होण्यासाठी कार्यमुक्त करावं, असे शब्द त्यात हवेत. नुसत्या राजीनाम्यानं आधीची सेवा बुडाल्याची उदाहरणं मी स्टाफरूममध्ये पाहिली आहेत. धारणाधिकार, म्हणजे जुन्या पदावर परत येण्याचा हक्क, मिळतो का, तेही लेखी विचारा. विद्यापीठात निदान एक वर्ष परिवीक्षा (प्रोबेशन) असते, ती आणखी एक वर्ष वाढू शकते. तेवढा काळ परतीची वाट उघडी असलेली बरी.

पैशांचं म्हणाल तर लेव्हल 10 चं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, 12 चं 79,800 पासून. वेतन संरक्षण मिळालं तर तुमचा आजचा आकडा तसाच राहतो. नाही मिळालं तर मेव्हण्याचं म्हणणं खरं ठरेल, आणि तसं असेल तर मीही म्हणेन, थांबा. "सगळं होईल हो" असं कुणीतरी फोनवर सांगितलं, ह्यावर विसंबू नका.

राहिले ते दहा महिने. असोसिएट प्रोफेसरच्या लेव्हल 13ए मध्ये मूळ वेतन 1,31,400 पासून सुरू होतं, तेव्हा मोह होणारच. रुजू व्हायची मुदत वाढवून मागा, मागायला पैसे पडत नाहीत. पण बढतीच्या समितीपुढे तुमचं नाव येईल त्या दिवशी तुम्ही त्या संस्थेच्या सेवेत असावं लागतं, आणि ही समिती ठरल्या दिवशी बसलेली मी तरी पाहिली नाही. दहाचे वीस महिने होतील. विद्यापीठ तेवढं थांबणार नाही. तिथे गेल्यावर तुमची फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून निघेल, हेही धरून चाला.

प्रवासाचं तुमचं तुम्ही बघा. पर्वरीची कोंडी काही माझ्या सल्ल्यानं सुटायची नाही.

आता त्या मुलीचं. माझंच सांगते. नव्वदच्या दशकात मलाही अशी संधी आली होती. तोवर विद्यापीठ होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी, 1985 पर्यंत, आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. मी नाही म्हटलं. सासूबाईंची तब्येत आणि डिचोलीहून दोन बस, हे कारण सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जिच्या प्रबंधाची प्रकरणं मी रात्री जागून तपासून दिली होती, ती तिथे माझ्या वर बसणार होती. पश्चात्ताप होतो का? रोज नाही होत.

सर, ती तुम्हाला मरेपर्यंत 'सर'च म्हणेल. अडचण तिच्या बाजूनं येणारच नाही. अभ्यास मंडळाच्या बैठकीत तिनं तुमचा मुद्दा खोडला, आणि तिचं बरोबर असलं, तर चार लोकांत तुम्हाला "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे" असं म्हणता येईल का? घरी आरशासमोर एकदा म्हणून बघा. मी हसण्यावारी नेत नाहीय, खरंच म्हणून बघा. जमलं तर बाकीचं सगळं कागदांचं काम आहे.

आणि प्राचार्यांकडून बाहेर पडलात की तिला फोन करा. विभागात कामाची वाटणी कशी होते, नव्या माणसाच्या गळ्यात काय काय मारतात, वर्षभरात पुराभिलेखात जायला खरोखर किती दिवस मिळतात, हे तिच्याइतकं खरं तुम्हाला कुणी सांगणार नाही. तिथे गेलात की मोकळा वेळच वेळ, अशा भ्रमात राहू नका. आठवड्याचे 16 तास अध्यापन कागदावर तिथेही आहे, परीक्षा आणि समित्या वेगळ्याच. पण तिथे तुमच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी येतील, आणि त्यातल्या एखाद्याला तरी मोडी शिकावीशी वाटेल.

मेव्हण्याला पुढच्या चवथीला उत्तर द्या, घाई नाही.

कागद चाळताना डिचोलीकडचं काही हाती लागलं तर मला कळवा. माझ्या आजोळच्या घराण्याचं गांवकरीतलं नाव कुणी, कधी खोडलं, हे आई शेवटपर्यंत विचारत होती.

तुमची,
माई